अळ्यांचं निमित्त

"नळ सोडू नका, थांबा जरा!" पद्मावती स्वयंपाकघरातून ओरडली, पण नामदेवरावांनी नळ सोडलाच. बेसिनमधलं लाल पाणी गोल फिरलं आणि जाळीतून खाली गेलं. ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली, तेव्हा काठाशी एक गुलाबी ओघळ तेवढा उरला होता.

"एवढं धावत यायला काय झालं? हिरड्या हायत. तू नवा ब्रश आणलीस, तो लै कडक हाय."

"काल जुनाच ब्रश होता. काल पण आलं होतं."

"मग जुना पण कडक असंल." नामदेवराव आरशातल्या आरशात हसले. हसले नसते तर बरं झालं असतं. दातांच्या फटीफटीत रक्त भरलेलं होतं.

पद्मावतीनं धसका घेतला. आता तिला त्याची सवयच झाली होती म्हणा. वैशाखात नामदेवरावांच्या हृदयातली एक खराब झडप काढून डॉक्टरांनी तिथं धातूची बसवली, तेव्हापासून या बाईनं धड झोप म्हणून घेतली नव्हती. घरात सामसूम झाली की ती झडप चक्क ऐकू यायची. टिक, टिक, टिक. नामदेवरावांना त्याची मोठी गंमत. हैदराबादच्या अफझलगंजला दोर आणि ताडपत्रीच्या दुकानात त्यांनी सारा जन्म काढलेला, तिथले जुने सोबती भेटायला आले की ते शर्टाचं बटण काढून म्हणायचे, "ऐका, मला घड्याळ बसवलंय. चावी द्यायची कटकट नाही." सोबती हसायचे. पद्मावती चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत निघून जायची.

बरकतपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत पुढच्या खोलीत तिचं फॉल-पिकोचं मशीन होतं. दुपारी नवरा आडवा झाला की ती मशीन थांबवायची, पाऊल न वाजवता दाराशी जायची, कान द्यायची. टिकटिक ऐकू आली की परत येऊन साडीच्या काठावर सुई चालवायची. थोड्या वेळानं पुन्हा उठायची. गिऱ्हाईक बायका कुरकुरायच्या, "अक्का, एक साडी को इत्ता टाइम?" काय सांगणार त्यांना? माझा नवरा वाजतोय का ते बघत होते, असं सांगणार?

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. तीही तोलून मापून. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेणार नाही. दर महिन्याला रक्त तपासून गोळीचं माप ठरायचं. दवाखान्यातून घरी सोडताना अनसूया सिस्टरनं पद्मावतीला बाजूला बसवून नीट समजावलं होतं. "अम्मा, घर में जैसा खाते वैसाच खाना. एकदम से कुछ बदलना नक्को." पद्मावती प्रत्येक वाक्याला "हौ, हौ" म्हणत होती. मीठ कमी, तेल कमी, बाहेरचं बंद, एवढं तिनं मनात पक्कं केलं होतं. बदलायचं नाही म्हणजे काय बदलायचं नाही, हे काही तिनं विचारलं नाही. विचारायचं असतं हे तरी कुणाला सुचतं?

आणि खरं सांगायचं तर तिचं मन तेव्हा दुसरीकडे होतं. तिला एक मोठं देणं फेडायचं होतं, आणि ते देणं माहूरच्या रेणुकामायचं होतं.

त्याचं असं झालं होतं. ऑपरेशनच्या दिवशी आत दिवा लागला, दार बंद झालं, आणि बाहेरच्या गारेगार स्टीलच्या खुर्चीवर बसून तिनं हात जोडले. देवीला काय द्यावं? सोनं नव्हतंच. मागे, लग्नाला बरीच वर्षं होऊन कूस उजवत नव्हती, तेव्हा तिनं देवीपाशी आंबे सोडले होते. आंब्यावर भारी जीव तिचा. तरी दोन उन्हाळे तिनं फोडसुद्धा तोंडात घातली नाही. विचारलं की म्हणायची, "आंब्यानं उष्णता होते मला." मग रेणू झाली. नावसुद्धा देवीचंच ठेवलं. नवस फिटेपर्यंत बोलायचा नाही, बोलला की त्याचं पुण्य वाऱ्यावर जातं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. आणि घरातल्या ज्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त जीव, तीच द्यायची. नको असलेलं देऊन देवीला काय फसवायचं?

या घराचा जीव कशावर होता? पालेभाजीवर. नामदेवरावांचं मूळ घर देगलूरकडचं, शेतकऱ्याचं. शहरात येऊन पिढ्या गेल्या, निजामाचं राज्य जाऊन तेलंगण झालं, पण या माणसाला ताटात पालेभाजी नसली की घास उतरत नसे. अंबाडी, चुका, चाकवत, मेथी, आणि हैदराबादची म्हणून तोटकूरा, म्हणजे माठ. रोज सकाळी इमारतीखाली मल्लम्मा डोक्यावरची पाटी उतरवायची आणि "आकुकूरा!" म्हणजे पालेभाजी घ्या, अशी हाळी द्यायची. नामदेवराव लुंगीवरच खाली. जुड्या हुंगून, देठ मोडून, मल्लम्माशी तेलुगूत दोन भांडणं करून वर यायचे. असा हा माणूस. तेव्हा पद्मावतीनं बंद दाराकडे बघत म्हटलं, "माय, ह्यांना उठव. चातुर्मासाचे चार महिने माझ्या घरात पालेभाजी शिजणार नाही. कुणाला बोलणार नाही."

आणि नामदेवराव उठले की हो! आता अशा वेळी कुणाचा विश्वास बसणार नाही?

चातुर्मास लागायला अवकाश होता. तोवर तिनं नवऱ्याला दोन्ही वेळा पालेभाजी खाऊ घातली, रक्त भरून यावं म्हणून. त्या खाण्यावरच डॉक्टरांनी गोळीचं माप बसवलं. मग आषाढी एकादशी आली आणि पालेभाजी बंद झाली. पहिल्या दिवशी नामदेवरावांनी ताटात दुधी बघितला, दुसऱ्या दिवशी बटाटा, तिसऱ्या दिवशी दोडका.

"आज मल्लम्मा आली नव्हती काय?"

"आली होती. पण पावसाळ्यात पाल्यात अळ्या असतात. तुमचं ऑपरेशन झालंय, पोटात काही गेलं म्हणजे?"

"आजवर पावसाळे काय दुबईत काढले आपण?"

"आजवर तुमच्या छातीत लोखंड नव्हतं," ती म्हणाली. नामदेवराव तिच्याकडे बघत राहिले, मग मुकाट्यानं दोडका खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून ते खाली उतरले नाहीत. मल्लम्मा खालून विचारायची, "सार, कोपमा?" म्हणजे साहेब रागावलेत का. ते गॅलरीतून हात हलवायचे.

असं होतं सगळं. आणि आता श्रावणात हे बेसिनमधलं रक्त.

पद्मावतीचं डोकं भराभर चालायला लागलं, आणि भ्यालेलं डोकं जिकडं चालतं तिकडंच चाललं. काय चुकलं? कुठं चुकलं? दोन दिवसांपूर्वीचं वरण! भाजीवाल्यानं पिशवीत वरून टाकलेली कोथिंबीर तिनं सवयीनं चिरून त्यावर भुरभुरली होती. कोथिंबीर म्हणजे पालाच की! अगं बाई, काय करून बसले मी! ती देवीच्या तसबिरीपुढं बसली, कान धरले, नाक घासलं. मग फ्रिजमधली कोथिंबीर काढली, पुदिना काढला, हाताला आला तो कढीपत्तासुद्धा काढला आणि सगळं खाली गाईला घालून आली. वर येताना तिला जरा हलकं वाटलं. चूक सापडली होती. आता हिरवं पान म्हणून घरात उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी नामदेवरावांच्या दंडावर डाग दिसला. वांग्याएवढा, वांग्याच्याच रंगाचा.

"हे कुठं लागलं?"

"दाराची कडी लागली असंल. मालूम नाही."

"एवढं लागलं आणि मालूम नाही?"

"परेशान होऊ नको गं. म्हातारपणी कातडी अशीच होती."

रेणूचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर पार कोंडापूरला राहायची, कंपनीत कामाला होती. "आई, बाबांची ब्लड टेस्ट झाली ना या महिन्याची?" टेस्ट झाली नव्हती. तारखेच्या आठवड्यात बोनालच्या जत्रेची गर्दी होती, रस्ते बंद होते, रिक्षा मिळेना, पुढच्या आठवड्यात नामदेवराव म्हणाले, "मला काय धाड भरली?" तेही राहिलं. "करतो म्हणालेत," पद्मावती म्हणाली. डागाचं तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रेणूनं दहा प्रश्न विचारले असते, आणि त्यातला एखादा थेट तिच्या नवसापाशी येऊन थांबला असता, अशी तिला धास्ती होती. त्या दिवसापासून ती सोमवारच्या उपासाबरोबर मंगळवारही धरायला लागली. नामदेवरावांच्या ताटात भात, वरण, बटाट्याची भाजी आणि ताक. वरण कसं कोरंकोरं पिवळं दिसायचं.

आता सांगा, या बाईनं काय वाईट केलं होतं? जितकी भ्याली तितकी देवाला घट्ट धरत गेली. आणि जितकं घट्ट धरलं तितका नवरा हातातून सुटत होता, हे तिला कसं कळावं?

मग तो बुधवार आला. सकाळची कामं आटोपून ती मशीनवर बसली होती. राणी कलरची साडी, काठाला जुळणारा फॉल मिळत नव्हता म्हणून ती वैतागली होती. आतून हाक आली.

"पद्मा."

नामदेवराव एरवी तिला "अगं" म्हणायचे. नावानं हाक म्हणजे काहीतरी भलतंच. ती उठून धावली. ते पलंगाच्या कडेला बसले होते, नाकाला टॉवेल लावून, आणि टॉवेल भिजला होता. "थांबंना झालंय," ते म्हणाले. "आणि डोकं लै दुखायलंय."

तिनं मान मागे करायला लावली तर रक्त घशात जाऊन ते ठसकले. पुढे वाकवलं तर फरशीवर थेंब पडले. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापटलं, काही उपयोग होईना. तिनं मशीनवरची साडीच आणून त्यांच्या नाकाखाली धरली. कुणाची साडी, कशाची साडी! एका हातानं फोन लावला. "रेणू, बाबांना रक्त येतंय, थांबत नाही."

"आई, ताबडतोब हॉस्पिटलला ने. ऑटो कर. मी डायरेक्ट तिथं येते. आई, ऐकतेस ना?"

रिक्षावाल्यानं एकदा मागं बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. "परेशान मत हो अम्मा, अब्बी पहुँचाताऊँ," म्हणत त्यानं गल्लीबोळांतून गाडी काढली. नामदेवराव तिच्या खांद्यावर रेलले होते. काचीगुड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, इंजिन बंद झालं, आणि तेवढ्या गोंगाटातही तिनं कान त्यांच्या छातीला लावला. टिक, टिक. आहे. अजून आहे. "माय, मी काय चुकले ते सांग," ती पुटपुटत होती. "मी आणखी काय सोडू ते सांग."

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. नाकात कापसाची लांब पट्टी कोंबली, हाताला सुया लावल्या, रक्त तपासायला नेलं. रेणू आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. थोड्या वेळानं डॉक्टर आले. तरुणच होते, पण चेहरा थकलेला.

"रक्त खूप जास्त पातळ झालंय," ते म्हणाले. मराठी त्यांना येत होतं, परभणीकडचे असावेत. "असायला हवं त्याच्या कितीतरी पट. डोकं दुखतंय म्हणतात म्हणून मेंदूचा स्कॅन करून घेतोय. आत कुठे रक्त साकळलं नसेल अशी आशा करू. मला सांगा, गोळी चुकून दोनदा दिली गेली का?"

"आई?" रेणू वळली. "तू डबल दिलीस का? एकदा दिवा लावताना आणि विसरून परत जेवताना? खरं सांग."

"देवाशपथ नाही दिली. एकच. रोज एकच."

"दुसरं काही औषध? तापाची गोळी, अंगदुखीची, काढा, चूर्ण?"

"काही नाही."

"खाण्यात काही बदल?"

खाटेवरून नामदेवरावच बोलले. त्यांचे शब्द जड झाले होते, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखे. "काही नाही डॉक्टरसाब. जे ही वाढती... तेच खातो. नेहमीचं." बोलताना ते डॉक्टरांकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

ती खाटेवरची चादर सारखी करायला लागली.

खरंच, नवस म्हणजे काय खाण्यातला बदल? तो देवाचा आणि तिचा व्यवहार. आणि तो आत्ता, या घटकेला, नवरा असा पडलेला असताना तोंडातून काढायचा? बोलला की गेला. वैशाखापासून ज्या एका धाग्यावर हा माणूस लटकला होता, तो तिनंच तोडायचा? नामदेवरावांची खाट स्कॅनसाठी ढकलत नेली. उजवा हात खाटेखाली लोंबत होता आणि त्यांनी तो वर घेतला नाही. वॉर्डबॉयनं उचलून पोटावर ठेवला. पद्मावतीनं ते बघितलं. ती मटकन खाली बसली.

खाट परत आली तेव्हा अनसूया सिस्टर ड्युटीवर आली होती. तिनं पद्मावतीला ओळखलं. एक पिवळसर पिशवी टांगली, मग एका छोट्या बाटलीतलं औषध सुईनं ओढून घेतलं.

"ये क्या दे रे सिस्टर?" पद्मावतीनं विचारलं. सुई दिसली की विचारायचं, एवढं या महिन्यांत तिला कळलं होतं.

"खून को जमने की ताकत आने का अम्मा. गोली का असर उतारने का." सिस्टर थेंब थेंब सोडत होती. "विटामिन है. वोइच जो पालक में, मेथी में, तोटकूरा में रहता ना, हरे पत्तों में, वो."

पद्मावतीला आधी नीट समजलंच नाही. "पत्तों में?"

"हौ. इसीलिए तो बोली थी मैं, जैसा खाते वैसाच खाना. पत्ते रोज खाने वाला आदमी एकदम बंद करा, तो गोली भारी हो जाती. खून पानी हो जाता. और बंद करा सो आदमी एकदम शुरू करा, तो गुठली. दोनों में खतरा."

आपण नवऱ्याच्या ताटातून काढून देवीपुढं ठेवलं, तेच आता सुईनं त्याच्या अंगात घालत होते. पद्मावती त्या सुईकडे बघत राहिली. कोथिंबीर. पुदिना. गाईला घातलेला कढीपत्ता. बेसिनमध्ये लाल दिसल्यावर आपण आणखी सोडलं, डाग दिसल्यावर आणखी सोडलं. आपल्या हातानं. ह्याच हातानं वाढलं.

डॉक्टर रेणूला सांगत होते, "कारण सापडत नाही म्हटल्यावर आता गोळीचं माप निम्मं करून टाकू आणि—"

"थांबा," पद्मावती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकला नाही. ती भिंतीला धरून उठली. छाती धडधडत होती. तिची झडप धातूची असती तर साऱ्या वॉर्डाला ऐकू गेली असती. मनातल्या मनात तिनं म्हटलं, माय, मला काय करायचं ते कर, ह्यांना करू नको. आणि मग मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गोळी कमी करू नका. मी पालेभाजी बंद केली. मी नवस बोलले होते. चार महिन्यांचा. एक पान नाही दिलं ह्यांना एकादशीपासून."

वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"आई!" रेणूचा आवाज फाटला. "तू मला का नाही सांगितलंस? मी रोज फोन करते! कमीत कमी एकदा—" आणि मग तिला रडूच फुटलं. "बाबांना मारून टाकलं असतंस तू."

"हौ," पद्मावती म्हणाली. "टाकलं असतं."

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खाली बघून त्यांनी एक श्वास सोडला. "बरं झालं आत्ता सांगितलंत," ते म्हणाले. "मी गोळी निम्मी केली असती, आणि तुमचे चार महिने संपल्यावर तुम्ही परत मेथी-पालक सुरू केली असती, तर झडपेवर गुठळी धरली असती. तेव्हा मला काहीच करता आलं नसतं."

म्हणजे ज्या दिवशी नवस फिटला असता, त्याच दिवसानं घात केला असता. पद्मावतीनं डोळे मिटले.

स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंत ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. आता बोलून चुकले, आता नवस मोडला, आता काय होईल ते याच घटकेला होईल, अशी तिची खात्री होती. कान नामदेवरावांच्या छातीकडे होते, पण वॉर्डातल्या मशिनींच्या आवाजात टिकटिक ऐकू येत नव्हती. मेंदूत डाव्या बाजूला छोटासा रक्तस्राव होता. संध्याकाळी पुन्हा बघितलं तेव्हा तो वाढलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाचले. उजव्या हातातला जोर बराचसा गेलाय, बोलणंही काही दिवस जड राहील, पण वाचले.

पद्मावतीनं हात जोडले, आणि ते कुणाला जोडले हे तिचं तिलाच कळलं नाही.

घरी आणल्यावर रेणू काही दिवस राहिली. आईशी कामापुरतं बोलायची. जाताना मात्र चपला घालता घालता थांबली आणि म्हणाली, "आई, पुढच्या वेळी जे काय देवाला सोडायचं ते तुझ्या ताटातलं सोड. आणि मला सांगून सोड. माझ्याकडून काही वाऱ्यावर जात नाही." पद्मावतीनं मान हलवली. तिनं आधीच सोडलं होतं. दवाखान्यातून आल्या दिवसापासून तिच्या स्वतःच्या ताटात पान नव्हतं. चातुर्मास संपेपर्यंत नसणार होतं. हे तिनं रेणूला सांगितलंसुद्धा. रेणू परत येऊन तिच्या गळ्यात पडली.

भीती मात्र गेली नाही. रोज सकाळी नामदेवराव दात घासायला उभे राहिले की पद्मावती मागे येऊन उभी राहायची. ते डाव्या हातानं कसंबसं घासायचे, चूळ टाकायचे आणि नळ न सोडता बाजूला व्हायचे. ती वाकून बघायची. पांढरं असलं की नळ सोडायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताच्या बोटांना काम द्या. रबरी चेंडू दाबायला दिला, तो नामदेवरावांनी दोन दिवसांत पलंगाखाली टाकून दिला. मग एका सकाळी पद्मावती खाली गेली. मल्लम्मानं तिला बघून आधी देवाचं नाव घेतलं, मग सारची चौकशी केली, आणि तोटकूऱ्याची सगळ्यांत कोवळी जुडी काढून दिली. पद्मावती वर आली. गॅलरीत नवऱ्यापुढं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर जुडी सोडली.

"निवडा. उजव्या हातानं."

नामदेवरावांनी एक देठ उचलला. तो पडला. पुन्हा उचलला. अंगठा आणि बोट जुळायला वेळ लागत होता. एक पान निघालं, ताटलीत पडलं. मग दुसरं. ती समोर बसून कांदा चिरत होती आणि चिरता चिरता बघत होती. खाली मल्लम्मा दुसऱ्या गल्लीत वळली, तिची हाळी लांब गेली. गॅलरीत शांत झालं, तशी टिकटिक ऐकू यायला लागली.

नामदेवरावांनी एक पान उजेडापुढं धरलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं.

"अळी... नाही," ते एकेक शब्द उचलत म्हणाले. "आंब्यानं... जशी उष्णता... होत नव्हती. तशी."

पद्मावतीचा विळीवरचा हात थांबला. "तुम्हाला मालूम होतं?"

त्यांनी होय म्हणून मान हलवली.

"एकादशीपासून?"

पुन्हा मान हलवली.

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललात हो? मरायला टेकला होतात!"

नामदेवरावांनी बराच वेळ शब्द शोधला. "तुझा... होता," ते म्हणाले. "मी कसा... मोडू?"

तिनं डोळे पुसले. कांदा होताच समोर, तो कामी आला. त्यांनी हातातलं पान ताटलीत ठेवलं आणि पुढचा देठ उचलायला बोटं जुळवू लागले. जुळेनात. तिनं हात पुढं केला, मग मागं घेतला. थोड्या वेळानं बोटं जुळली.